विहिरीच्या काठावर उरलेला जोड
ग्रामपंचायतीच्या फलकावर पोहण्याच्या उन्हाळी शिबिराची सूचना लागली की मला ती विहीर आठवते. नवा मेंबर म्हणून मी गावभर सांगितलं होतं, "पोरं पाठवा, जबाबदारी माझी." सकाळी मीच विहिरीला नारळ वाढवला. दुपारी पोरं चपला घालून घरी पळाली आणि काठावर एक जोड उरला. माप मोठं होतं, पण बापाच्या चपला अडकवून येणारी पोरं होतीच. हिरवं पाणी गप्प होतं. मी पोहायला शिकवणाऱ्याला हाक मारली. त्यानं दोनदा बुडी मारून तळाचा गाळ चाचपला. वर येऊन तो माझ्याकडं बघतच राहिला. "मेंबर, तुमच्या पायात काय न्हाय की!" नारळ वाढवताना काढलेल्या चपला माझ्याच होत्या. तो हसला. मला त्या घालायचंही सुचलं नाही. तापल्या डांबरावरून अनवाणीच घरोघर गेलो आणि एकेक पोर डोळ्यांनी बघून आलो.