चिंगीची दुसरी खेप

ससे पाळले की पिल्लं भराभर वाढतात, असं सगळे सांगतात. किस्से त्याहून भराभर वाढतात, हे मात्र कोणी सांगत नाही! आम्ही तिघं ससेवाले. मनीषनगरची मी, बुटीबोरीच्या सूतगिरणीत काम करणारे गजूभाऊ आणि आमच्या गुरू, सक्करदऱ्याच्या शीलाताई. हे दोघं नसते तर मी कधीच हात टेकले असते, हे आधीच सांगून टाकते.

*

माझ्या चिंगीच्या पिल्लांची पहिली खेप सगळी गेली. पिंजऱ्यात विण्यासाठी लाकडी पेटी ठेवायची असते, ती मी ठेवलीच नव्हती. पिल्लं पिंजऱ्याच्या जाळीवर जन्मली आणि गारठली. शीलाताईंना फोन करून मी नुसती रडले. वाटलं, आता चांगली झाडतील. त्या म्हणाल्या, "माह्या पहिल्या खेपेले बी हेच झालं होतं वं. जेवली का तू?"

*

दुसऱ्या खेपेला ठरवलं, एकही पिल्लू जाऊ द्यायचं नाही. पेटी चार दिवस आधीच ठेवली. गजूभाऊंनी गिरणीतून मऊ सुताचा गुंता आणला, पोतंभर! शीलाताई ओरडल्या, "पिल्लाचे पाय अडकतीन नं गा त्यात! वाळलं गवत आण."

तोवर चिंगीनंच सगळं सूत पेटीबाहेर फेकलं. गजूभाऊ म्हणाले, "आमचा सुपरवायझर बरा, एवढा माल वापस नाही करत!" दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गवताचा भारा घेऊन हजर. देवमाणूस!

*

मग चिंगी पोटाचे केस उपटायला लागली. आमच्या ह्यांना वाटलं, खरूज! खोबरेलाची बाटली घेऊन बसले चोळायला. तेवढ्यात शीलाताई आल्या.

"काहून तेल चोपडून राहिले भाऊजी? लेकरायसाठी गादी भरून राहिली ते!"

ह्यांनी बाटली खाली ठेवली आणि चिंगीपुढे हात जोडले. खरंच जोडले!

*

तीन पिल्लं झाली. मी दिवसभर पेटीसमोर. चिंगी तिकडे फिरकेचना. लावला फोन.

"शीलाताई, ही पाजतच नाही हो!"

"दिवसातून एक-दोनदाच पाजते ते, कोणी पाहून नाही राहिलं तेव्हा. पिल्लाचं पोट गोल आहे नं? मंग उठ तिथून!"

"उठते."

"उठली का?"

"हो."

"खोटी!"

*

चौथ्या दिवशी सकाळी एक पिल्लू पेटीबाहेर पडलेलं. दूध पिताना आईला चिकटून बाहेर आलं असणार. डिसेंबरची थंडी, पिल्लू गारठून निळं पडलेलं, हलेना. मी अंगणात वाटीएवढा खड्डासुद्धा खणला.

तेवढ्यात शीलाताई आल्या, मला त्यांच्या भाचीच्या लग्नाला न्यायला. अंगावर पैठणी, केसात गजरा.

"गार आहे म्हणून मेलं नाही म्हणत वं. ऊब देऊन मंग पाहायचं!" म्हणत त्यांनी पिल्लू सरळ ब्लाउजमध्ये, छातीशी ठेवलं.

"आणि लग्न?"

"लग्न बी होईन, हे बी होईन. गाडी काढ!"

हॉलमध्ये त्या कोणाच्या गळ्यात पडल्या नाहीत, जेवल्या नाहीत. मी दर पाच मिनिटांनी डोळ्यांनीच विचारायची, त्या नकारार्थी मान हलवायच्या. शेवटी सगळे फोटोसाठी स्टेजवर चढले.

त्या फोटोत अख्खं खानदान कॅमेऱ्याकडे बघतंय. शीलाताई तेवढ्या पदराआड बघताहेत, तोंडभर हसू आणि गालांवर पाणी. भाचीच्या सासरी तो फोटो मोठा करून भिंतीवर लावलाय. तिची सासू आल्यागेल्याला दाखवते, "पाहा नं, मावशीचा किती जीव आहे आमच्या सुनेवर!"