रापणीचा बास्केटबॉल

बास्केटबॉलचा कोच म्हणून माझी नेमणूक झाली ती केवळ माझं कपाळ प्रिन्सिपॉलांच्या दाराच्या चौकटीवर आपटलं म्हणून. साठ साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. आमच्या मालवण किनाऱ्यावर नवीनच कॉलेज निघालं होतं आणि मी तिथे गणित शिकवायला लागलो होतो. साहेबांनी बोलावलं म्हणून आत शिरलो, तर ठाणकन आवाज झाला. साहेब पुण्याकडचे. त्यांनी आधी चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उंची किती हो तुमची?"

"सहा फूट एक इंच."

"काही खेळता का?"

"पत्ते," मी कपाळ चोळत म्हणालो.

"मग झालं तर. बास्केटबॉल तुमच्याकडे!"

असा मी कोच झालो. कोच ठेंगणा असला तरी चालतो, उंची पोरांना लागते, हे साहेबांना कोण सांगणार? मी तरी नाही सांगितलं. नोकरी नवी होती आणि घरी कणकवलीकडे आमची भातशेती इतकी मोठी की तिच्यावर एक माणूस पोटभर जेवला असता, दुसऱ्याने बघत बसायचं.

सामान म्हणून दोन लोखंडी रिंगा, एक बॉल आणि नियमांचं एक इंग्रजी चोपडं आलं. खांब माडाचे उभे केले. रिंगांमागच्या फळ्या करायला सुतार मिळाला तो होड्या बांधणारा. सरळ फळी करणं त्या बाबाच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्याने दोन्ही फळ्यांना मध्ये असा काही बाक दिला की बॉल आपटला की भलतीकडेच उडायचा. मी तक्रार केली, तर म्हणतो, "मास्तर, पाणी अडाचा नाय." मी म्हटलं, अरे, पाणी कुठून येणार आहे तिथे? त्यावर तो नुसता हसला. पहिल्या पावसाळ्यात बाकीच्या खेळांचं सामान कुजून गेलं, ह्या फळ्या मात्र ठणठणीत राहिल्या, तेव्हा मी गप्प बसलो. मैदान समुद्राला लागून होतं. बॉल लाटांत गेला की आमचा म्हातारा शिपाई धोतर खोचून पाण्यात शिरायचा आणि बॉलला आईमाईवरून शिव्या घालत परत आणायचा.

पोरं बहुतेक सगळी मासेमारीच्या घरांतली. कॅप्टन केला तो सगळ्यांत उंच, खांदे दाराएवढे रुंद. पहिल्याच दिवशी हा गडी रिंगखाली बॉल घेऊन एकटा उभा. आसपास चिटपाखरू नाही. मी ओरडलो, "मार रे!" तर ह्याने काय करावं? मागे वळून बॉल लांब उभ्या असलेल्या पोराकडे फेकला. त्याने तो परत ह्याच्याकडे दिला आणि मग ह्याने मारला. तोवर दुसऱ्या बाजूची पोरं येऊन पोहोचली होती, त्यामुळे बॉल गेला समुद्रात.

"मघाशी का नाही मारलास?"

"सर, तेचो हात लागूक नाय होतो."

"कशाला हात?"

"बॉलाक. पाचांचोय हात लागूक व्हयो ना!"

"अरे मेल्या, ही काय रापण आहे?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. इतका वेळ सरांच्या डोक्यात शिरत नव्हतं, ते आता शिरलं, असं त्याला वाटलं असावं. "व्हय सर!" तो आनंदाने म्हणाला.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून सगळा गाव मिळून ओढतो. ज्याचा दोराला हात लागला त्याला मासळीचा वाटा. वाटेने जाणारा परका माणूस जरी दोन हात लावून गेला, तरी त्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. आणि हात न लावणाऱ्याने वाटा घ्यायचा नाही, मग तो मालकाचा मुलगा का असेना. ही पोरं चालायला लागल्यापासून ते दोर ओढत आलेली. पाचांनी मिळून करायचं काम म्हटल्यावर त्यांना दुसरी रीत सुचणार कशी?

मी चोपडं उघडून दाखवलं. ह्यात असं कुठे लिहिलंय? कॅप्टन शांतपणे म्हणाला, "असा करू नुको, असा तरी खंय लिवलेला आसा?" तेही खरंच होतं. तीस सेकंदांत बॉल मारायचा एवढीच अट होती. मी ओरडलो, फळ्यावर आकृत्या काढल्या, एकदा रागाने शिट्टीसुद्धा चावली. पालथ्या घड्यावर पाणी! संघात भातशेतीवाल्या घरातला एक बुटका पोरगा होता, माझ्याच गावाकडचा. त्याने जन्मात रापण ओढली नव्हती. मला वाटलं, हा तरी आपल्या बाजूला येईल. कसला येतोय! नवा मुसलमान दिवसातून सात वेळा नमाज पढतो म्हणतात, तसा तो त्या रिवाजाचा सगळ्यांत कडवा झाला.

तीन वर्षं आम्ही हरलो. बाहेर सगळीकडे फळ्या सरळ, त्यामुळे आमचा नेम चुके. आणि रिंगखाली मोकळा उभा असलेला आमचा माणूस पाचव्याला शोधत फिरे. लोक हसायचे. पण खरं सांगायचं तर ह्या हात लावण्याच्या नादात पोरं बॉल अशी काही फिरवायला लागली होती की समोरच्यांच्या माना दुखाव्यात. मला त्या खेळाचं वेड लागलं होतं. वर्गात माझ्याकडे पाठ करून खिडकीतून समुद्र बघणारी ही पोरं मैदानावर माझ्या तोंडाकडे बघायची. संध्याकाळी पाच कधी वाजतात असं मला होऊन जायचं. लग्न ठरवायला आलेल्या पाहुण्यांना मी एकदा दोन तास बसवून ठेवलं होतं. ते लग्न अर्थातच मोडलं.

चौथ्या वर्षी साहेबांनी बोलावलं. मी वाकून आत गेलो.

"यंदा एक तरी सामना जिंका," ते म्हणाले, "नाहीतर खांब काढून तिथे सायकल स्टँड करू. संस्थेच्या मंडळाचंही तेच मत आहे."

त्या खांबांखेरीज त्या गावात माझं असं होतं काय? पोरांना मी काही सांगितलं नाही, उगाच हातपाय गळायला नकोत म्हणून.

स्पर्धा रत्नागिरीला होती. सात पोरं आणि मी पहाटेच्या एसटीने निघालो, कणकवलीला गाडी बदलली आणि धुळीने माखून दुपारी पोहोचलो. हरलं की परत, अशी स्पर्धा. म्हणजे आमचा बहुधा एकच सामना. पण त्या दिवशी पोरांचा हात बसला होता. शेवटचं अर्धं मिनिट राहिलं तेव्हा आम्ही फक्त एका गुणाने मागे होतो. इतक्यात आमच्या एकाचे पाच फाउल झाले आणि तो बाहेर गेला. बाकावर दोघं उरले होते. त्यातला एक लंगडत होता. राहिला तो बुटका. तीन वर्षांत त्याला सामन्यात एकदाही उतरवला नव्हता. तो शर्ट काढून उभा राहिला.

मी वेळ मागून घेतला. पोरं भोवती जमली. मला डोळ्यांसमोर सायकली दिसत होत्या, ओळीने उभ्या.

"ऐका," मी म्हणालो, "आज रापण बंद. हात लागो न लागो, रिंगखाली बॉल आला की मारायचा."

"पण सर, हेचो हात..." कॅप्टनने बुटक्याकडे बोट केलं.

"शिरा पडो तुझ्या हातावर! मारला नाहीस तर ह्या कॉलेजात बास्केटबॉल राहणार नाही. खांब काढतायत. कळलं?"

कळलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. बॉल चौघांत फिरला. बुटका एका कडेला दोन्ही हात पुढे करून पळत होता, बॉल काही त्याच्याकडे आला नाही. कॅप्टन रिंगखाली मोकळा सापडला. तो क्षणभर थांबला. मी गळा फाटेस्तोवर ओरडलो. त्याने मारला. बॉल रिंगवर दोनदा नाचला आणि आत पडला. शिट्टी झाली.

जिंकलो! मी काय केलं ते मला धड आठवत नाही. पंचाला मिठी मारली असं म्हणतात. भानावर येऊन बघतो तर आमची पोरं आपापल्या जागी नुसती उभी, आणि बुटका कोपऱ्यात जाऊन शर्टाची बटणं लावतोय. दुसऱ्या दिवशी पुढचा सामना आम्ही वाईट हरलो. ते त्यांना विशेष लागलं असंही दिसलं नाही.

परतताना तळेऱ्याच्या नाक्यावर गाडी थांबली. मी खुशीत सगळ्यांसाठी भजी मागवली. बुटका हात मागे बांधून म्हणाला, "नको सर. माझो हात लागूक नाय."

"अरे, ही भजी आहेत!"

"जिंकल्याची ना?"

आणि तो खात नाही म्हणून कॅप्टनने प्लेट सरकवली, कॅप्टनने सरकवली म्हणून बाकीच्यांनी. मला असा संताप आला की काय सांगू! मी एकट्याने आठ माणसांची भजी खाल्ली. पुढचा सगळा प्रवास एसटीच्या खिडकीत डोकं घालून काढला.

कॉलेजच्या फाटकात साहेब स्वतः हार घेऊन उभे होते. "खांब राहिले बरं का," ते म्हणाले आणि हार माझ्या गळ्यात पडला. मला हायसं वाटलं. आता तरी पोरं खूश होतील म्हणून मागे वळलो, तर पोरं नाहीत. पिशव्या टाकून ती सरळ मैदानावर गेली होती.

मी हारासकट गेलो. सातही जणांनी मैदानावर गोल केला होता. लंगडणाराही होता, फाउल होऊन बाहेर गेलेलाही होता. कॅप्टनने बॉल एकाकडे दिला, त्याने दुसऱ्याकडे. म्हातारा शिपाई कुतूहलाने जवळ आला होता, त्याच्याकडेही दिला. त्याने दोन्ही हातांनी नमस्कार केल्यासारखा घेतला आणि पुढे दिला. शेवटी बॉल बुटक्याकडे आला. त्याने मारला, हुकला. पुन्हा मारला, हुकला. आमची ती वाकडी फळी! चौथ्या खेपेला बॉल आत पडला आणि ती सगळी अशी ओरडली की वाळूत मासळी सुकत घालणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. "काय गो झाला?" एकीने विचारलं. "जिंकलो!" पोरं ओरडली. दोन दिवसांनी, आपल्याच मैदानावर, समोर कोणी नसताना.

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मला हसू यायला लागलं. पोरांनी बॉल पुन्हा फिरवायला घेतला, तेव्हा मी गोलात शिरलो आणि हात पुढे केले. बॉल माझ्या शेजारच्याकडून माझ्या पलीकडच्याकडे गेला. लक्ष नसेल, म्हटलं. एक पाऊल आणखी पुढे झालो. बॉल परत आला आणि माझ्या हारावरून पलीकडे गेला.

"अरे, मला पण द्या की!" मी म्हणालो.

कॅप्टनने बॉल काखेत धरला. तो उर्मट नव्हता, कधीच नव्हता. उलट मला समजावताना तोच ओशाळला होता.

"सर, ह्यो वाटो आमचो," तो म्हणाला. "तुमचो तुमी तिकडेच घेतल्यात."

मी हार काढला आणि मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. कोच म्हणून त्यानंतरही मी बरीच वर्षं काढली, चार-दोन सामने जिंकलोही. पण गोलात उभा असताना पोरांनी आपणहून माझ्याकडे बॉल टाकला, त्याला मध्ये पुरती दोन वर्षं जावी लागली.