संत एडन, मी आणि माझी दुभाषी

देव आपलं ऐकतच नाही, असं मला या उन्हाळ्यात महिनाभर ठामपणे वाटत होतं. मी अहिल्यानगरच्या मिशन शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. माझं न ऐकणारं मला सहसा कोणी भेटलेलं नाही. त्यामुळे सहा महिन्यांसाठी अमेरिकेत श्रूजबरीला मुलाकडे आले, तेव्हा पहिल्याच दिवशी जाहीर केलं की आजीकडे मागायचं ते मराठीत मागायचं, इंग्रजीत मागणाऱ्याला पोळी मिळणार नाही. माझी तेरा वर्षांची नात एस्तेर तेव्हा हसली. पुढे तिचं हसणं कमी होत गेलं, कारण तिने वाक्य सुरू केलं की मी चूक काढलीच. जुलैच्या शेवटी तिच्या मैत्रिणी घरी आल्या असताना मी म्हणाले, "नीट बोल, नाहीतर बोलू नकोस." तिने त्यातलं दुसरं पसंत केलं. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. सकाळी स्वतःच दुधात सीरियल घालून घ्यायची, खायची आणि बाउल इतका लख्ख धुऊन ठेवायची, की बोट ठेवायला मला जागा राहत नसे.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं परतीचं विमान होतं. माझे गुडघे बघता पुन्हा एवढा प्रवास झेपेल याची खात्री नव्हती. पोर अशी अबोल राहिली आणि मी निघून गेले तर, या विचाराने मी कॅलेंडरवरचे दिवस मोजायची. रोज गुडघे टेकून सांगायची, "प्रभू, हिला सुबुद्धी दे." स्वतःसाठी तीच वस्तू मागावी, हे मला सुचलंसुद्धा नाही.

अशात आमच्या तिथल्या चर्चच्या पाळकबाईंनी मला गाठलं. त्या चर्चच्या एका खिडकीत रंगीत काचेचे संत एडन आहेत, आणि ऑगस्टअखेर त्यांच्या दिवशी सभासदांपैकी कोणीतरी त्यांचं चरित्र सांगतं. बाईंचं विचारून पूर्ण व्हायच्या आत मी होकार दिला. डिक्शनरी घेऊन बसले आणि चरित्र वाचलं. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी उत्तर इंग्लंडच्या राजाने आयोना बेटावरच्या मठातून लोकांना ख्रिस्ताची शिकवण द्यायला सुवार्तिक मागवला. आधी एक कडक गृहस्थ गेले. लोकांनी त्यांना दाद दिली नाही, तेव्हा हे लोक हट्टी आहेत, शिकवण्यालायक नाहीत, असं सांगून ते परत आले. मला त्यांची बाजू लगेच पटली. पण सभेत बसलेले एडन त्यांना म्हणाले की भाऊ, तुम्ही जरा जास्तच कडक वागलात, लहान बाळाला आधी दूध द्यायचं असतं. झालं, मठाने एडननाच पाठवून दिलं. त्यांना तिथली भाषा धड येत नव्हती. ते बोलायचे आणि राजा स्वतः शेजारी उभा राहून लोकांना अर्थ सांगायचा. पुढे दुसऱ्या एका राजाने भेट दिलेला उमदा घोडा त्यांनी पहिल्याच भिकाऱ्याला देऊन टाकला. खरं सांगते, शाळेत असा शिक्षक असता तर मी त्याला ऑफिसात बोलावून घेतलं असतं.

तीन पानांचं इंग्रजी भाषण मी हातवाऱ्यांसकट पाठ केलं. त्या रविवारी मुलगा कंपनीच्या कामाने टेक्सासला होता आणि सूनबाई हॉस्पिटलात ड्युटीवर. एस्तेर आणि मी चालत निघालो, ती दहा पावलं पुढे. श्रूजबरीत कारणाशिवाय कोणी चालत नाही, त्यामुळे तीन गाड्या थांबल्या आणि मी ठीक आहे ना अशी चौकशी करून गेल्या. मी तिघांनाही ठीक आहे म्हटलं, चर्चला जाताना खोटं बोलू नये हे माहीत असूनही.

वेळ आली तशी मी माईकसमोर उभी राहिले आणि आमच्या वक्तृत्व स्पर्धेच्या रिवाजाप्रमाणे अध्यक्ष महोदय आणि परीक्षकांना वंदन केलं. लोक मागे वळून परीक्षक शोधू लागले. तरी मी धडाक्यात पुढे गेले, ते थेट त्या कडक गृहस्थांपर्यंत. "दीज पीपल आर स्टबर्न," असं म्हणत मी बोट रोखलं, आणि बोटाच्या सरळ रेषेत दुसऱ्या बाकावर एस्तेर बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझी तिन्ही पानं साफ पुसली गेली. पुढचा शब्द आठवेना, मागचाही आठवेना. चौतीस वर्षांत असं एकदाही झालेलं नव्हतं. मी मनात म्हटलं, प्रभू, आता तूच काय ते बघ, माझ्याकडे काही नाही. इतकी छोटी प्रार्थना मी आयुष्यात केली नव्हती.

एस्तेर उठली, माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मराठीत बोल. आय'ल डू इट."

मी बोलू लागले. मी पाच वाक्यं बोलले की ती एकच बोलायची. मी घोड्याबद्दल एक वाक्य बोलले तर ती मिनिटभर बोलली आणि लोक खो खो हसले. एरवी मी तिथेच थांबवून विचारलं असतं की काय सांगितलंस ते पुन्हा सांग. त्या दिवशी धीर झाला नाही. तिला माझी मराठी सगळी कळत होती, अगदी अवघड शब्दसुद्धा. मग मागे राहिलेल्या बाळाच्या दुधापाशी आले आणि तिच्याकडे वळले. त्या अख्ख्या चर्चमध्ये माझी भाषा कळणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्या कोपराला खेटून उभं होतं. मी माईकमध्येच म्हणाले, "एस्तेर, तो आधी आलेला कडक माणूस म्हणजे मीच गं. चुकलं माझं. मी जायच्या आत माझ्याशी बोल, कुठल्याही भाषेत बोल."

लोक अर्थाची वाट बघत होते. एस्तेरने नाक ओढलं आणि माईक स्वतःकडे वळवला.

"दॅट पार्ट इज फॉर मी," ती म्हणाली.

चर्चमध्ये साक्ष देताना आमच्याकडे म्हणतात, प्रभूने मला शब्द दिले. मला त्याने दिले नाहीत, घोकलेले होते तेही काढून घेतले, आणि मग माझ्या शेजारी जिला उभं केलं तिला हाताला धरून मी खाली उतरले. रिकाम्या हातांनी उभं राहायला मी त्या दिवशी शिकले, तेही या वयात. आता मी अहिल्यानगरला आहे. दर रविवारी एस्तेर व्हिडिओ कॉल करते आणि शाळेतलं, मैत्रिणींचं, कसलं कसलं इतकं भरभर सांगते, की निम्मं मला कळत नाही. मी मध्ये थांबवत नाही. फोन ठेवला की प्रभूचे आभार मानते, कळलेल्याबद्दल आणि न कळलेल्याबद्दलही.