पामच्या बुडाशी हात

कशेळीकडच्या आमच्या घरामागे गोदामाची भिंत उभी राहिली आणि अंगणातलं ऊन गेलं. गुलाब, जास्वंद, सगळं गचकलं. मी चिडून रॅफिस पाम लावला. हा सावलीतच वाढतो, बुडाशी फुटवे येत राहतात आणि हळूहळू झाडाचं बेट होतं. नर्सरीवाल्याने बजावलं होतं की माती सुकली तरच पाणी द्या आणि बेट अधूनमधून विरळ करा. विरळ कशाला करायचं? मला ती मेली भिंत नजरेआड करायची होती. वर माझा शहाणपणा असा, की निजामपुऱ्यातल्या नवऱ्याच्या लूमवरून तुटक्या सुताच्या गुंत्याचं पोतं आणवलं आणि ओल टिकावी म्हणून बुडाशी जाड पसरलं.

सासूबाईंना धूसर दिसतं, पण झाडांना पाणी त्याच घालणार. पाणी जास्त झालं म्हणून मी एकदा त्यांच्यावर खेकसले होते. तेव्हापासून त्या आधी सुताखाली हात घालून माती चाचपायच्या. ही शिस्त मीच लावलेली.

त्या सकाळी मी मागच्या दारात भांडी विसळत होते. त्या तांब्या घेऊन पामपाशी वाकल्या. पांढऱ्या सुतातून काळं काहीतरी वर आलं होतं. नीट पाहिलं तर त्यावर बारीक पांढरे पट्टे. मण्यार होती, वेटोळं घालून पडलेली. ओरडले तर दचकून त्यांचा हात नेमका तिथेच टेकणार. म्हणून रोजच्याच आवाजात म्हटलं, "आई, मी बघितलंय, ओलं आहे. या, चहा निवतोय."

त्या तशाच वाकलेल्या राहिल्या, हात वीतभर वर. मग कुरकुरत उठल्या आणि आल्या. मी त्यांचं मनगट धरलं ते कितीतरी वेळ सोडलंच नाही.

सर्पमित्राने मण्यार बरणीत घातली. दिवसा ही सुस्त असते, सहसा चावत नाही, म्हणाला. रात्री मात्र खैर नाही. तो गेल्यावर मी सगळं सूत काठीने ओढून काढलं, फुटव्यांवर कोयता चालवला. खालची माती पार कोरडी ठणठणीत निघाली.

मी सासूबाईंना विचारलं, "आई, याला पाणी घातलं नव्हतं का?"

"न्हाय," त्या म्हणाल्या. "तीन दिस झालं, हात घातला का गार गार लागतं. मी म्हटलं, भिजलेलं हाय."