घाम आणणारा कपडा

भर वैशाखात बाबा स्वेटर घालून बाल्कनीत बसलेत. स्वेटर हा शब्द घामावरून आलाय. वजन उतरावं, भरपूर घाम यावा म्हणून पूर्वी इंग्रज खेळाडू हा जाड लोकरी कपडा अंगात घालत. मी बाबांच्या मानेला हात लावला. कोरडी, गार. त्यांचं वजन घामाशिवायच उतरतंय.

“बाबा, उकडत नाही?”

“वारं सुटलंय ना.”

समोरच्या बदामाचं पानही हलत नव्हतं.

आई दरवर्षी हाच स्वेटर उसवून त्याच लोकरीचा पुन्हा विणते. हल्ली ती माप घेत नाही, टाके कमी घालते. उरलेल्या लोकरीचा गुंडा वाढत चाललाय. यंदा तो तिच्या ओंजळीत मावत नाही.