ब्रंचसाठी रात्रभर भिजवलेला पाव

ब्रंच म्हणजे नाश्त्याला उशीर करायचा, जेवणाची घाई करायची, मधल्या वेळात पाहुण्यांना उपाशी ठेवायचं आणि वर त्यांच्याकडूनच कौतुक करून घ्यायचं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी मुलीला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "आई, प्लीज, त्यांच्यासमोर असलं काही बोलू नकोस."

त्यांच्यासमोर म्हणजे तिने स्वतःच पसंत केलेल्या मुलाच्या आईवडिलांसमोर. ठाण्याची माणसं, हळू आवाजात बोलणारी. रविवारी पहिल्यांदाच आमच्या पनवेलच्या घरी येणार होती. आमच्या वेळी अशा प्रसंगाला पोहे असायचे. मुलगी ट्रे घेऊन बाहेर यायची, मुलाकडचे पोह्यातले शेंगदाणे वेचत तिच्याकडे बघायचे आणि पुढचं सगळं मोठी माणसं ठरवायची. आता मुलीने मुलगा स्वतः शोधलेला, तारीख स्वतः ठरवलेली, मेनूही स्वतः ठरवलेला. आमच्याकडे फक्त सोफ्याची कव्हरं बदलायचं काम होतं.

मेनू होता ओव्हनमधला फ्रेंच टोस्ट. आदल्या रात्री पावाचे जाड तुकडे ट्रेमध्ये लावायचे, वरून दूध, अंडी, साखर, साय, दालचिनी असं सगळं घुसळून ओतायचं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी भाजायचं. ही सगळी माहिती तिने मोबाइलवर व्हिडिओ लावून मला दिली. रात्रभर वाल भिजवतात, छोले भिजवतात, हे मला माहीत होतं. पाव रात्रभर भिजवला तर सकाळी त्यातलं काय उरतं, हे मी विचारलं नाही, कारण तिचा चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा होता. मुलाच्या घरी अंडं चालतं, मासे चालत नाहीत. आमच्या घरी ताटात मासे नसले तर 'आज काही केलंच नाही का?' असं विचारतात. अंडं हा दोन्ही घरांच्या बरोबर मधला पदार्थ, म्हणून तिने तो निवडला होता. डोकं चालतं तिचं, नाही असं नाही.

तिची भीती मात्र पदार्थाची नव्हतीच. तिची भीती होती तिची आजी.

माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. आमची भातशेती होती तोवर त्या शेतात असायच्या. आता तिथून विमानं उडतात, आणि त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून प्रत्येक विमानाला नावं ठेवतात. गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडं, दातांना मिसरी आणि बांधावरून पलीकडच्या शेतात हाक जावी असा आवाज. समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत पगार विचारतात आणि सहाव्या मिनिटाला तो कमी आहे असं सांगतात.

"रविवारचा दिवस आजीला कामोठ्याला आत्याकडे पाठवू या का?" मुलगी म्हणाली. "ते गेले की लगेच आणू परत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मी सांगणार नाही. जिच्या मांडीवर वाढलीस तिला तूच सांग." आमच्या ह्यांनी अशा वेळी नेहमी करतात तेच केलं, म्हणजे पेपर उघडला.

मुलीने सांगितलं. "आजी, रविवारी आत्याकडे जाऊन येशील? तिलाही बरं वाटेल."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरं." एवढं आखूड उत्तर या बाईच्या तोंडून मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं. मला मुलीचा भयंकर राग आला आणि तिची कीवही आली. तिला तो मुलगा मनापासून आवडतो. तो हिच्याशी बोलताना फोन बाजूला ठेवतो, हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि आजच्या काळात याहून मोठं काय बघायचं? आपलेच दात, आपलेच ओठ.

आता खरी अडचण आली. पाव रविवारी भाजायचा तर शनिवारी भिजवायला हवा, आणि शनिवारी आमच्या घरात अंडं फुटत नाही. फ्रिजच्या दारात बसलेलं चालतं. कवचात आहे तोवर अंडं शाकाहारी, फुटलं की मांसाहारी, असा सासूबाईंचा कायदा आहे आणि त्याला अपील नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार हा कायदा लागू. रविवारी मात्र त्या स्वतः बाजारात उभं राहून कोळणीशी भांडून मासळी आणतात, आणि त्या भांडणात मारुतीची शपथही घेतात.

"शनिवारी फोडायचं आणि रविवारी खायचं, मग कुठे मोडतो वार?" मुलगी मला विचारत होती. मुद्दा बिनतोड होता, पण तो सासूबाईंसमोर मांडायची हिंमत तिच्यात नव्हती, माझ्यात नव्हती आणि ह्यांच्यात तर जन्मापासून नाही.

म्हणून संध्याकाळी सासूबाई मारुतीला तेल घालायला खाली गेल्या आणि इकडे आम्ही तिघांनी दार लावून अंडी फोडली. तिकडे बाई मारुतीसमोर हात जोडून उभी आणि इकडे तिचा मुलगा, सून आणि नात चोरट्यासारखी वाटीच्या कडेवर टकटक करतायत. पाव मी व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे बेकरीतून मुद्दाम कालचा मागून आणला होता. बेकरीवाला माझ्याकडे बघतच राहिला. शिळा पाव मागणारं गिऱ्हाईक त्याने आयुष्यात पाहिलं नसावं. मुलीने तुकडे रचले, वरून ते पिवळं दूध ओतलं, दालचिनी भुरभुरली आणि ट्रेवर झाकण घातलं. टरफलं ह्यांनी कागदात गुंडाळून, वर पिशवी बांधून, पिशवी शर्टाच्या आत घालून खाली नेऊन टाकली. खुनाचा पुरावा यापेक्षा उघडपणे नेतात.

सासूबाई वर आल्या, दारातच थांबल्या. "काय गो, वास कसला?"

"केकचा इसेन्स," मी म्हटलं. "उद्यासाठी दूध-पाव भिजवलाय."

"निस्ता दूध-पाव?"

"नुसता दूध-पाव."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची मूठ किती लाखांना पडणार होती ते तेव्हा कळलं नाही.

रविवारी सकाळी मुलगी केस धुवायला बाथरूममध्ये गेली, म्हणजे तासाभराची निश्चिंती. हे झोपलेले. सासूबाई आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून बसल्या होत्या. शेजारी त्यांची पिशवी भरलेली. नणंद त्यांना न्यायला रिक्षा घेऊन येणार होती. ओव्हन मी आदल्या दिवशीच रिकामा करून ठेवला होता. आमच्याकडे ओव्हन घेतल्यापासून त्यात जास्तीचे डबे आणि लग्नकार्यात मिळालेल्या वाट्या राहायच्या, वर क्रोशाचं कव्हर. मी फळं आणायला खाली गेले.

परत आले तर जिन्यातच तळणाचा वास. आमच्याच घरचा. तळणात लसूण होती, मिरची होती आणि त्यातून मधूनच केकसारखं काहीतरी येत होतं.

स्वयंपाकघरात सासूबाई कढईपुढे उभ्या. ओट्यावर रिकामा ट्रे.

"आई, हे काय केलंत?"

"पोरीनं दूध किती ओतलंन बघ," त्या झारा हलवत म्हणाल्या. "सारा लगदा झालेला. म्हटलं पाव्हनं काय म्हनतील? दाबून दूध काढलं, कांदा-मिरची, लसून घातली, जरा तांदलाचं पीठ टाकलं आन भजी घेतली. निघालेलं दूध च्याला ठेवलं तर नासलं. दूधवाला बदला तुमी."

गॅसवरच्या पातेल्यात अंड्याची भुर्जी तरंगत होती. त्यांना दोष तरी काय देणार? आमच्याकडे पाव भिजवतात तो पिळण्यासाठीच. ब्रेड रोल करताना हेच तर करतो आपण. यात अंडं आहे, हे भाजायचं आहे, असं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ट्रेला बोटही लावलं नसतं. भजी साखरेमुळे बाहेरून काळीकुट्ट झाली होती आणि आतून पिठूळ ओली. दिसायला कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखी.

मुलगी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. तिने ट्रे पाहिला, कढई पाहिली, पातेलं पाहिलं. मला वाटलं रडेल. ती आजीला म्हणाली, "तू अजून इथेच? आत्याला फोन का नाही केलास?"

"मी तिला येऊ नको म्हटलं," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा कढईकडे वळल्या. पाठीमागून त्यांचे खांदे अगदी लहान दिसले मला. मी मुलीला काहीतरी लागेल असं बोलणार होते, तेवढ्यात बेल वाजली. ठाण्याची माणसं ट्रॅफिकला घाबरून लवकर निघाली होती आणि नेमका त्या दिवशी ट्रॅफिक नव्हता.

"आजी, तू आतच थांब," मुलगी कुजबुजली आणि टॉवेल माझ्या हातात कोंबून दार उघडायला गेली.

मिसळ मागवायला ह्यांना खुणावलं, तर हे मुलाच्या वडिलांना आमच्या भागातले जागांचे भाव सांगण्यात रंगले होते. शेवटी मी फळं कापली, चहा केला आणि बशीत ती भजी ठेवली. दुसरं काही नव्हतंच. मुलाच्या आईने एक उचलली, चावली आणि थांबली. सभ्य बाई. गिळली. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलाने एक खाल्ली आणि ग्लासभर पाणी प्यायला. वडिलांनी ऑफिसची फाइल तपासावी तशी फिरवून फिरवून बघितली आणि हळूच अर्धी बशीत ठेवली.

"वेगळीच चव आहे," मुलाची आई म्हणाली. "कुणी केली?"

आतून खणखणीत आवाज आला, "पोरीनं! सगलं पोरीनंच केलंय!"

सासूबाईंना वाटलं होतं, भज्यांची तारीफ चालली आहे. आपण केलेलं काम त्यांनी एका फटक्यात नातीच्या पदरात टाकलं आणि आतच उभ्या राहिल्या, सांगितल्याप्रमाणे.

बाहेर मुलीने बशीकडे बघितलं. 'हो, मीच केली, बिघडली' एवढं म्हणाली असती तर गोष्ट मिटली असती. पाहुणे हसले असते, मुलींना कुठे स्वयंपाक येतो हल्ली, असं म्हणाले असते आणि आतली बाई आतच राहिली असती. ती उठली, आत गेली आणि आजीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली. पिठाचे हात तसेच.

"ही माझी आजी," ती म्हणाली. "भजी हिने केली. मी करणार होते ते वेगळंच होतं. त्यात अंडी होती, ती आम्ही काल शनिवारी हिच्या चोरून फोडली आणि हिला खोटं सांगितलं, म्हणून हे असं झालं. आणि तुम्ही येणार म्हणून मी हिला आज आत्याकडे पाठवणार होते."

"अंडी?" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काल? शनवारी?" त्यांनी छताकडे बघून दोन्ही कानांना हात लावले. "मारुती बघून घेईल तुमाला." मग त्या खुर्चीत बसल्या, स्वतःच्या हाताने एक भजी घेतली आणि अर्धी चावली. तोंड एवढंसं झालं. "ह्ये तर कुत्रापन खानार नाय! आन तुमी खाताव?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," मुलाचे वडील म्हणाले आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले. माणूस मोठ्याने हसू शकत होता तर.

मुलाच्या आईने विचारलं, "मग तुम्ही का नाही गेलात आत्याकडे?"

सासूबाईंनी पगार विचारला नाही, जमीन विचारली नाही. त्या बाईकडे नीट बघून म्हणाल्या, "तुमी माझी पोर न्यायला आलाव. ती कुनाच्या घरात चाललीय त्यांचं तोंड मी बघायचं नाय? लपून बघितलं असतं मी. सैपाकघराच्या दारातनं. तुमाला कललंपन नसतं."

माझी मुलगी हाताला सॅनिटायझर लावल्याशिवाय खुर्चीला हात लावत नाही. तिने आजीच्या हातातली ती उष्टी, अर्धी चावलेली भजी काढून घेतली आणि पाहुण्यांसमोर, रडत रडत, सगळी खाल्ली.

मग मीही एक खाल्ली. खरंच घाण झाली होती.