व्हेनची उत्तर दिशा

"मास्टवर कोण चढलं होतं?" आमच्या कंपनीच्या वैद्य साहेबांनी बैठकीत विचारलं.

त्यांच्या टेबलावर आमच्या पठाराचा विंड रोझ होता. विंड रोझ म्हणजे कोणत्या दिशेने किती वारा आला ते दाखवणारं गोल चित्र. पवनचक्क्यांच्या रांगा त्यावरून आखतात. दिशा चुकली तर एक चक्की दुसरीचा वारा अडवते आणि वीज कमी मिळते. आमच्याकडे पावसाळी वारा नैऋत्येच्या बाजूने येतो. चित्रात तो वायव्येकडे सरकला होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या अंबडमधल्या एका छोट्या कंपनीत ट्रेनी होतो आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं. चक्क्या उभारण्याआधी वारा मोजायचा, हे आमचं काम. त्यासाठी वणीच्या पुढे, सुरगाण्याच्या बाजूला एका पठारावर आम्ही मास्ट उभा केला होता. मास्ट म्हणजे लोखंडी मनोरा. त्यावर वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या आणि दिशा दाखवणारी व्हेन. व्हेनवर एक खूण असते. ती बरोबर उत्तरेला लावावी लागते.

ती मी लावली होती. म्हणजे वर मनोऱ्यावर चढून काम करणारा रिगर होता आणि खाली मनोऱ्याला टेकून, हातात कंपास धरून मी ओरडत होतो, "अजून डावीकडे. बस!"

मास्टची राखण महादूदादा करायचे. तिथल्याच पाड्यावरचे. राखणीच्या पगारामुळे ते आणि त्यांची बायको सोनाबाई दोन वर्षं द्राक्षांच्या कामाला गेले नव्हते. नाहीतर भात कापून झालं की अख्खा पाडा पिंपळगावकडे उतरायचा. रोजच्या नोंदवहीत सोनाबाई लिहायच्या. साक्षरता वर्गात शिकल्या होत्या. अक्षर मोठं, ओळ वर चढत जाणारी.

वैद्य साहेबांनी तीच वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, "आज वादळात पलास्टीक उडून वाट्यात आडकलं. मालक वर चढले. काढलं."

"घ्या! नवरा माकडासारखा वर चढतो आणि बायको प्रामाणिकपणे लिहून ठेवते," साहेब म्हणाले. दोघे-तिघे हसले. "धक्का लागून व्हेन फिरली असणार. सुनील, तुला काय वाटतं?"

त्याच दिवशी सकाळी मी मॅन्युअल पूर्ण वाचलं होतं. बसवण्याच्या वेळी अर्धंच वाचलं होतं, कारण इंग्रजी जड जायचं आणि तसं सांगायची लाज वाटायची. कंपास लोखंडापासून लांब धरा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. जवळ लोखंड असलं की सुई सरकते. शिवाय नोंदींत दिशा पहिल्या दिवसापासूनच चुकलेली होती. वादळ त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी झालं. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

ट्रेनिंगचं सर्टिफिकेट साहेबांच्या सहीवर अडलेलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच.

"असू शकतं सर," मी म्हणालो.

वहीतल्या त्या ओळीवरून महादूदादांना कामावरून काढलं. निरोप घेऊन मलाच पाठवलं. त्यांनी वाद घातला नाही. बॅटरी आणि नंतर सुरू केलेली नवी वही परत दिली, आणि म्हणाले, "चहा पिऊन जा, सायेब." मी प्यालो.

सर्टिफिकेट मिळाल्यावर तीन आठवड्यांनी मी साहेबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा बोलला असतास तर मी तुला शिव्या दिल्या असत्या. एवढंच झालं असतं."

मी पठारावर गेलो, लांब उभा राहून कंपास लावला आणि व्हेन किती सरकलेली आहे ते मोजलं. पस्तीस अंश. कॉम्प्युटरवर सगळ्या नोंदींतून तेवढे अंश वजा केले. अर्ध्या दिवसात विंड रोझ सरळ झाला. राखणीला मात्र तोवर दुसरा माणूस लागला होता, आणि त्याला काढायला साहेब तयार नव्हते.

महादूदादा पिंपळगावजवळच्या एका बागेत भेटले. ते आणि सोनाबाई विरळणी करत होते, म्हणजे घडांतले जास्तीचे मणी कात्रीने काढत होते. मी सगळं सांगितलं. ते कात्री थांबवून ऐकत राहिले.

"म्हंजे माझ्या हातनं नाय झालं?"

"नाही दादा. माझ्या हातनं झालं."

"मी तर रोज आठवून बघायचो, कुठं धक्का लागला आसंल." ते सोनाबाईंकडे वळले. "ऐकलं का? तुझ्या लिवण्यानं काय नाय झालं. ही तवापासून पेन धरत नाय, सायेब. म्हणती, मी लिवलं नसतं तर काम ऱ्हायलं आसतं."

सोनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "आता काय करायचं लिवून," त्या म्हणाल्या आणि पुढच्या घडाला हात घातला.

त्यानंतर मी पुष्कळ मास्ट उभे केले. कंपास कुठे उभं राहून बघायचा ते मॅन्युअलमध्ये आहेच. चूक कधी सांगायची ते त्यात नाही. नव्या ट्रेनींना मी तोंडी सांगतो: त्याच बैठकीत, दुसऱ्याचं नाव निघायच्या आत.